लष्करचा जमाखर्च : कर, पाणी आणि बाड्यावरची जागा

स्मरणिकेत ग्वाल्हेरच्या इतिहासावर लेख यायचा म्हटला की विषय बहुधा ठरलेले असतात. महादजी शिंद्यांचा पराक्रम, बायजाबाईंचा कारभार, जयविलास राजवाडा, नाहीतर ग्वाल्हेर घराण्याचे गाणे. ते यायलाच हवेत. पण या शहरात आपल्या सात-आठ पिढ्या राहिल्या त्या काही राजवाड्यात राहिल्या नाहीत. त्या गल्लीत राहिल्या, नळाचे पाणी प्यायल्या, घरपट्टी भरत आल्या. त्या इतिहासावर सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून यंदा आम्ही नगरपालिकेचा विषय घेतला आहे : शहर आपल्याकडून काय घेत आले, आपल्याला काय देत आले, आणि या जमाखर्चात आपण मराठी मंडळी कुठे आहोत.

आम्ही स्वतः सरकारी नोकरीत आहोत. कोणत्याही कार्यालयावर किंवा पक्षावर टीका करण्याचा येथे हेतू नाही. हिशेब समजून घ्यावा, एवढीच इच्छा आहे.

छावणीचे शहर झाले

लष्कर हे नावच आपला इतिहास सांगते. १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहानंतर दौलतराव शिंद्यांचे बस्तान उज्जैनहून इकडे सरकू लागले आणि १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला त्यांची छावणी कायमची पडली. जुने ग्वाल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी होतेच. त्याच्या शेजारी तंबूंचे हे दुसरे गाव उभे राहिले आणि तंबूंच्या जागी हळूहळू वाडे आले.

ही छावणी येथे स्थिरावण्याआधी, १८०९ मध्ये, ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी तिच्याबरोबर फिरत होता. त्याने लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. मुक्काम हलला की बिनीवाले पुढे जात, सरकारी डेऱ्याची जागा निशाण लावून ठरवीत आणि वेगवेगळ्या बाजारांच्या जागाही तशाच निशाणांनी आखून देत, असे त्याने वर्णन केले आहे. म्हणजे या शहराची पहिली नगररचना बिनीवाल्यांच्या निशाणांनी झाली. सरदारांचे डेरे, त्यांच्या पागा, आणि मधून जाणारा बाजार.

आजच्या लष्करचा नकाशा हातात घेतला तर तो तळ अजून दिसतो. महाडिक की गोठ, निंबाळकर की गोठ, सूबे की पायगा, शिंदे की छावनी, कंपू, हुजरात, खासगी बाजार, पाटणकर बाजार, फालका बाजार, चावडी बाजार. हिंदी बोलणारी मुले ही नावे रोज घेतात आणि 'हुजरात' म्हणजे आपली हुजुरात हे त्यांना कोणी सांगत नाही. गोठ म्हणजे सरदाराचा तळ, पायगा म्हणजे पागा. या वस्त्या घोडा, पालखी आणि फार तर बैलगाडीच्या मापाने बसल्या. दोन वाड्यांमधून एक पालखी गेली की रस्ता पुरेसा, असा तो हिशेब होता. रस्त्यांच्या आजच्या अडचणीचे मूळ येथे आहे. त्याकडे पुढे येऊच.

नऊ सभासद आणि दोन खाती

शिंदेशाहीत बाजारावरचे कर, वजनमापे, चौकी-पहारा ही कामे कोतवाल पाहात असे, जसे पेशव्यांच्या पुण्यातही होते. १८५२ ते १८५९ या काळात दिनकरराव राजवाडे दिवाण होते. त्यांनी राज्याच्या वसुलीला आणि खात्यांना शिस्त लावली. पण शहराचा म्हणून वेगळा कारभार असावा, त्याचे वेगळे सभासद असावेत, ही कल्पना आली ती पुढच्या पिढीत.

१८८६ हे वर्ष आपल्या शहरासाठी मोठे. त्या वर्षी इंग्रजांनी झाशीच्या बदल्यात ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी शिंद्यांना परत केली. त्याच वर्षी जयाजीराव महाराज वारले, आणि माधवराव महाराज लहान असल्याने कारभार रीजन्सी कौन्सिलकडे गेला. जुने ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार ही तिन्ही गावे आता एकाच सरकारखाली आली. पुढच्याच वर्षी, ६ जून १८८७ रोजी, येथे नगरपालिकेचा पाया घातला गेला. सभासद होते नऊ, आणि मुख्य खाती दोनच : आरोग्य आणि बांधकाम.

त्यावेळी देशात वारेही तसेच वाहत होते. १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या ठरावाने इंग्रजी मुलखात स्थानिक स्वराज्याला चालना मिळाली होती. पुण्याची नगरपालिका तर त्याच्याही आधीची. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे तिचे सभासद होते. सरकारने नेमलेले सभासद असूनही त्यांनी १८८० मध्ये, व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी शहर सजवायला हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला तेव्हा, एकट्याने विरोध केला. ते पैसे शिक्षणाला लावावेत असे त्यांचे म्हणणे होते. लोकमान्य टिळकही १८९५ मध्ये पुणे नगरपालिकेवर निवडून गेले. ज्यांनी दोनच वर्षांपूर्वी सार्वजनिक गणेशोत्सवाला रूप दिले, त्यांना नळ आणि गटारांची समिती आपल्या योग्यतेची वाटली, हे आपण उत्सवाच्या मांडवात बसताना लक्षात ठेवण्यासारखे आहे.

संस्थानात परिस्थिती वेगळी होती. येथे शहराला जे मिळे ते दरबाराकडून मिळे. माधवराव महाराजांनी १८९४ मध्ये पूर्ण अधिकार हाती घेतले आणि पुढच्या तीस वर्षांत बाड्याभोवतीच्या देखण्या इमारती, व्हिक्टोरिया मार्केट, फूलबाग, छोटी रेल्वे अशी कामे झाली. आपल्या आजोबा-पणजोबांनी ते वैभव पाहिले. पण त्याबरोबर एक सवयही लागली. रस्ता सरकार बांधते, पाणी सरकार आणते, दिवा सरकार लावते, आपण फक्त अर्ज करायचा. सरकार बदलले, ही सवय मात्र फारशी बदलली नाही.

तिघऱ्याचे पाणी

पाण्याचा इतिहास याच सवयीचा एक भाग आहे. शहरापासून वीसेक किलोमीटरवर सांक नदीवर तिघरा धरण १९१६ मध्ये झाले. त्यामागे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला त्यांनी आधी बसवलेले स्वयंचलित दरवाजे येथेही बसवले गेले. पुढे तेच म्हैसूरच्या कृष्णराजसागरला गेले. म्हणजे पुणे, ग्वाल्हेर आणि म्हैसूर ही तीन शहरे एका अभियंत्याच्या कल्पनेने जोडली गेली आहेत.

पण धरण झाले आणि दुसऱ्याच पावसाळ्यात, १९ ऑगस्ट १९१७ रोजी, ते फुटले. पायाच्या वालुकाश्मात पाणी झिरपले होते. खालच्या गावांत भयंकर प्राणहानी झाली. धरण पुन्हा बांधले गेले आणि आजही मोतीझीलच्या जलशुद्धीकरणातून आपल्या नळाला येणारे पाणी प्रामुख्याने तिघऱ्याचेच आहे.

आता हिशेब पाहा. शंभर वर्षांपूर्वी लष्करची वस्ती लाखाच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दहा लाखांवर गेली. धरण तेच. पाऊस कमी झाला की एक दिवसाआड पाणी येते, हे आपण सर्वांनी भोगले आहे. चंबळचे पाणी आणण्याची योजना त्यातूनच आली.

आपल्याकडे बहुतेक घरांचा जलकर मीटरवर नाही, महिन्याच्या ठराविक दराने येतो. याचा अर्थ असा की दोन म्हातारी माणसे राहतात त्या घराला आणि मोटर लावून तीन टाक्या भरणाऱ्या घराला दर सारखाच. पाणी रोज आले काय किंवा एक दिवसाआड आले काय, बिल तेच. मीटरला आपण सगळेच नाक मुरडतो, कारण बिल वाढेल ही भीती. पण मीटर नसल्याने कोणाला किती पाणी मिळते हे ना निगमाला नीट कळते ना आपल्याला. आणि जे मोजले जात नाही त्याबद्दल नुसते भांडता येते, पुराव्याने काही मागता येत नाही.

नाके गेले, नाव राहिले

आपल्या शहरात अजून नाका चंद्रवदनी आहे, चार शहर का नाका आहे. नाका म्हटला की जुन्या माणसांना चुंगी आठवते. शहरात येणाऱ्या मालावरची जकात ही एकेकाळी देशातल्या कितीतरी शहरांची मुख्य कमाई होती. गूळ, तूप, धान्य, लाकूड, जे काही वेशीतून आत येईल त्यावर काही ना काही द्यावे लागे. व्यापाऱ्याला ती कटकट वाटे, ट्रक तासन् तास खोळंबत, आणि नाक्यावरच्या गैरप्रकारांच्या गोष्टी तर प्रत्येक गावात होत्या. पण पैसा शहराचा होता, शहराच्या तिजोरीत रोज पडत होता.

१९५६ मध्ये ग्वाल्हेर नगर निगमाची अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मध्य भारत विलीन होऊन नवे मध्य प्रदेश झाले. १९४८ पासून हिवाळी राजधानीचा मान असलेले आपले शहर एका दिवसात जिल्ह्याचे ठिकाण झाले. राजस्व मंडळासारखी काही कार्यालये राहिली, बाकी दरबार भोपाळला गेला. पुढे १९७६ मध्ये राज्याने चुंगी रद्द केली. तिच्या जागी राज्याचा प्रवेशकर आला आणि त्या बदल्यात शहरांना 'चुंगी क्षतिपूर्ति' मिळू लागली. मुंबईतल्या आपल्या नातेवाइकांनी मात्र जकात नाके जुलै २०१७ पर्यंत, म्हणजे जीएसटी येईपर्यंत पाहिले.

नाके गेले हे चांगलेच झाले. पण एक गोष्ट बदलली. शहराची रोजची कमाई भोपाळहून येणाऱ्या रकमेत बदलली. रक्कम किती आणि केव्हा येईल हे शहराच्या हातात नाही. स्वतःच्या हातात राहिला तो मुख्यतः संपत्तिकर आणि काही शुल्के. म्हणून आपण घरावर भरतो ते पैसे आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचे आहेत.

वाडा आणि त्याचे बिल

येथे विषय आपल्या घरात येतो. निगमाच्या बिलात संपत्तिकर, समेकित कर, नगरीय विकास उपकर, शिक्षा उपकर अशा ओळी असतात. बहुतेक जण शेवटचा आकडा पाहून कागद बाजूला ठेवतात. त्यामागची पद्धत मात्र सोपी आहे. घर कोणत्या परिक्षेत्रात आहे, कोणत्या रस्त्यावर आहे, बांधकाम पक्के की कच्चे, वापर राहण्यासाठी की दुकानासाठी, यावरून दर ठरतो. क्षेत्रफळाशी त्याचा गुणाकार केला की वार्षिक भाडे मूल्य निघते आणि त्याच्या ठरलेल्या टक्क्याने कर लागतो. १९९७ च्या नियमांपासून मालकाने हे विवरण स्वतःच भरायचे आहे. मालक स्वतः राहतो त्या भागाला निम्मी सूट आहे. भाड्याने दिलेल्या भागाला किंवा दुकानाला ती नाही.

आता आपले वाडे आठवा. पुढच्या बाजूला दोन दुकाने, जुन्या भाड्याची. मागच्या चौकात एक भाडेकरू. वर काका, खाली आत्या, आणि मुले पुण्याला, बंगळूरला किंवा त्याही पलीकडे. खाते पणजोबांच्या नावावर. बिल येते ते दिवंगत माणसाला, आणि ते कोणी भरायचे हा प्रश्न दर वर्षी चार घरांत फिरतो. थकबाकीवर अधिभार चढत जातो. ग्वाल्हेरच्या कितीतरी मराठी घरांची आज हीच कथा आहे.

दोन गोष्टी मुद्दाम सांगाव्याशा वाटतात. निगमाच्या कर-खात्यावर नाव असणे म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. तेव्हा 'पावती आमच्या नावाची आहे' एवढ्यावर निर्धास्त राहू नये आणि 'त्यांच्या नावाची आहे' म्हणून भावंडांत वैरही धरू नये. दुसरे असे की थकलेला संपत्तिकर त्या मालमत्तेवरच बोजा होऊन बसतो. उद्या वाडा विकायचा, वाटायचा किंवा दुरुस्त करायचा झाला तरी तो आधी समोर येतो. नामांतरण वेळेवर करून घेणे आणि भावंडांनी आपापसात लिहून ठेवणे यातच शहाणपण आहे. नॅशनल लोक अदालतीच्या वेळी अधिभारात सूट मिळते, त्याचाही उपयोग करून घ्यावा.

वाडे पडतात ते एका पावसाने पडत नाहीत. ज्या घराचा कागद कोणाचाच नाही, त्याचे छप्परही कोणाचेच राहत नाही. दौलतगंज, माधवगंज, जनकगंजच्या बाजूला फिरले की हे डोळ्यांनी दिसते.

बाड्यावरची जागा

राहिला प्रश्न रस्त्याचा. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना संविधानात स्थान मिळाले. त्यासोबत बाराव्या अनुसूचीत १८ कामांची यादी आली. त्यातल्या एका नोंदीत रस्त्यावरचे दिवे, बसथांबे आणि स्वच्छतागृहांबरोबर वाहने उभी करण्याच्या जागाही आहेत. म्हणजे गाडी कुठे उभी करायची हा विषय आपल्या संविधानात आहे.

महाराज बाडा, सराफा, दाल बाजार येथे सणाच्या दिवसांत गाडी घेऊन जाणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. पालखीच्या मापाने आखलेल्या रस्त्यात आज दोन्ही बाजूंना मोटारी, त्यांच्या पुढे दुचाकी, त्यांच्या पुढे ठेले, आणि मधल्या फटीतून माणसे. २०१६ मध्ये ग्वाल्हेरची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली, तेव्हापासून बाडा पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा करण्याची आणि गाड्यांची वेगळी सोय करण्याची चर्चा आणि कामे चालू आहेत.

पैसे घेऊन रस्त्यावर गाडी उभी करू देणे हे जगात नवे नाही. अमेरिकेत ओक्लाहोमा शहरात जुलै १९३५ मध्ये पहिला पार्किंग मीटर लागला, तासाला पाच सेंट. कारण असे की बाजारातल्या नोकरदारांच्याच गाड्या दिवसभर दुकानांपुढे उभ्या असत आणि गिऱ्हाइकाला जागा मिळत नसे. आपल्या पुण्यात २०१८ मध्ये महापालिकेने पार्किंगचे धोरण मंजूर केले, पण विरोध इतका झाला की ते मोजक्या रस्त्यांपुरते ठेवावे लागले.

विरोध समजण्यासारखा आहे. आधी रोड टॅक्स, मग पेट्रोलवरचा कर, आता उभे राहण्याचेही पैसे? पण प्रश्न दुसऱ्या बाजूनेही पाहावा. सराफ्यात दुकानापुढे दिवसभर उभी असलेली मोटार जेवढी जागा अडवते तेवढ्या जागेत एखादा ठेलेवाला आपले कुटुंब पोसतो, आणि त्याच्याकडून वसुली होते. मोटारवाल्याकडून होत नाही. रस्ता सर्वांच्या कराचा आहे. त्यातला मोठा तुकडा फुकट वापरतो तो बहुधा गाडीवालाच असतो, आणि आज तो गाडीवाला आपल्यापैकीच कोणीतरी आहे. पैसे घ्यावेत की नाही यावर मतभेद असू शकतात. मात्र घेतले तर त्याची छापील पावती असावी, दर फलकावर लिहिलेला असावा आणि तो पैसा त्याच बाजाराच्या पायवाटेवर, दिव्यांवर, स्वच्छतागृहावर खर्च झालेला दिसावा. एवढे मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

आपण कुठे आहोत

नऊ सभासदांपासून सुरू झालेल्या या कारभारात आज ६६ वॉर्ड आहेत. आपल्या समाजाने या शहराला महापौरही दिले. नारायण कृष्ण शेजवलकर महापौर होते आणि १९७७ मध्ये लोकसभेवर निवडून गेले. त्यांचे चिरंजीव विवेक शेजवलकर दोनदा महापौर झाले. कोणाचा पक्ष कोणता हा येथे प्रश्न नाही. शहराच्या कारभारात बसणे हे एकेकाळी मराठी घरांना आपले काम वाटत होते, एवढेच त्यातून घ्यायचे.

आज आपली संख्या कमी झाली आहे. बहुतेक वॉर्डांत आपल्या मतांनी निकाल फिरत नाही. म्हणून पुष्कळ जण म्हणतात, आता आपले कोण ऐकतो? आम्हाला हे पटत नाही. फुले त्या सभेत एकटेच होते. ऐकून घ्यायला संख्या लागत असेल, पण विचारायला एक माणूस पुरतो, फक्त त्याच्या हातात भरलेली पावती आणि माहिती असावी लागते. निगमाचा अर्थसंकल्प दर वर्षी मांडला जातो, वर्तमानपत्रांत येतो. आपल्या वॉर्डासाठी काय धरले आणि काय झाले, हे नगरसेवकाला विचारता येते. सुखवस्तू, शिकलेल्या, निवृत्त माणसांची आपल्या समाजात कमी नाही. दहा दिवसांच्या उत्सवाचा जमाखर्च आपण पैशापैशाने लिहितो, वर्गणीची पावती फाडतो, शेवटी ताळेबंद स्मरणिकेत छापतो. हीच सवय वर्षाच्या उरलेल्या दिवसांत शहराच्या हिशेबाला लावली तर पुष्कळ काही होईल.

एक साधी सूचना करून थांबतो. उत्सवानंतर समाजाच्या कार्यालयात महिन्यातून एक संध्याकाळ ठेवावी. ज्यांच्या घराचे नामांतरण राहिले आहे, ज्यांना बिल कळत नाही, ज्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना निगमात खेटे घालणे झेपत नाही, त्यांना कागद भरून द्यायला आपल्यातलेच दोन-चार जाणकार बसावेत. त्याच संध्याकाळी वॉर्डातल्या पाण्याच्या, दिव्यांच्या, रस्त्याच्या तक्रारी एका वहीत लिहाव्यात आणि महिनाअखेरीस ती वही घेऊन नगरसेवकाकडे जावे. आपले पूर्वज येथे लष्कराबरोबर आले आणि बाजाराच्या निशाणाभोवती घरे बांधून राहिले. ते पाहुणे म्हणून आले नव्हते. आपणही या शहरात पाहुण्यासारखे राहू नये.

गणपती बाप्पा मोरया!